तीन मिलिमीटरचा इतिहास

मराठवाड्यात ‘कूलर’ म्हटले की डोळ्यांपुढे पत्र्याची पेटी येते. तीन बाजूंना गवत भरलेल्या जाळ्या, आत पाण्याचा छोटा पंप, समोर पंखा. मार्च सरता सरता ही पेटी माळ्यावरून खाली उतरते आणि दरवर्षीचा तोच प्रश्न उभा राहतो : खिडकी एका मापाची, कूलर दुसऱ्या मापाचा. मग लोखंडी अँगलचा स्टँड येतो, उरलेल्या फटीत पुठ्ठा किंवा थर्माकोल बसतो आणि वरून दोरीचा एक वेढा पडतो. हे करताना आपण काही तांत्रिक काम करतो आहोत, असे कोणालाही वाटत नाही.

या लेखाचा विषय दुसरा कूलर आहे. तो मुठीएवढा असतो आणि संगणकाच्या पेटीत, प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो. खाली धातूचा ठोकळा, त्याला पातळ पात्यांची झालर, वर एक पंखा. याच्याही बाबतीत खिडकीचाच प्रश्न येतो. एका मदरबोर्डासाठी बनलेला कूलर दुसऱ्या मदरबोर्डावर बसत नाही, कारण बोर्डाला पाडलेल्या चार भोकांमधले अंतर बदललेले असते. किती बदललेले? पुष्कळदा तीन मिलिमीटर. तेवढ्यासाठी चांगला चालणारा कूलर कपाटात पडून राहतो किंवा भंगारात जातो. आणि तेवढ्यासाठीच कोणीतरी कानस, ड्रिल आणि पत्र्याची पट्टी घेऊन बसतो.

विषय क्षुल्लक वाटेल. पण वस्तूंचा इतिहास लिहिताना आपण बहुधा शोध लावणाऱ्यांचा आणि विकणाऱ्यांचा इतिहास लिहितो. वस्तू एकमेकींना जुळवून घेणाऱ्यांचा राहून जातो. न जुळणारा कूलर बसवणाऱ्याला एक निवाडा करावा लागतो : ही अडचण निसर्गनियमाची आहे, की कोणीतरी घेतलेल्या निर्णयाची? पहिलीपुढे हात टेकावेच लागतात. दुसरीवर कानस चालते. हा निवाडा करण्याची क्षमता हे ज्ञान आहे, आणि छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात ते का रुजले, हे पाहण्यासारखे आहे.

उष्णतेचा हिशेब

प्रोसेसर जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता म्हणून बाहेर टाकतो. १९८९ मध्ये आलेला इंटेलचा ४८६ सुरुवातीला पंख्याविना चाले. १९९३ चा पहिला पेंटियम सुमारे १५ वॅट खाई. त्याला धातूचा ठोकळा आणि पंखा लागू लागला. पुढच्या बारा वर्षांत पेंटियम-फोरच्या वरच्या श्रेणीतल्या प्रोसेसरांचा आकडा ११५ वॅटवर गेला. अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनमधून शंभर वॅटच्या जुन्या दिव्यापेक्षा जास्त उष्णता बाहेर काढायची, हे कूलरचे काम झाले.

ही उष्णता तीन टप्प्यांनी जाते : प्रोसेसरच्या झाकणातून पेस्टच्या पातळ थरात, तिथून धातूच्या ठोकळ्यात आणि पात्यांमधून हवेत. या वाटेत जेवढा अडथळा, तेवढा प्रोसेसर हवेपेक्षा अधिक तापतो. समजा, कूलरचा अडथळा दर वॅटला ०.३३ अंश आहे आणि प्रोसेसर ६५ वॅटचा आहे. तर प्रोसेसरचे झाकण आजूबाजूच्या हवेपेक्षा साधारण २१ अंशांनी जास्त तापेल. सुरुवातीच्या ६५ वॅटच्या कोअर टू डुओ प्रोसेसरांमध्ये झाकणाच्या मध्यभागी ६० अंशांच्या आसपासची मर्यादा होती. म्हणजे कूलरला मिळणारी हवा ३८ अंशांची असेल, तर ३८ अधिक २१, एकूण ५९. हिशेब काठावर जुळतो.

हा ३८ चा आकडा मी सोयीसाठी घेतलेला नाही. पेंटियम-फोरच्या काळात इंटेलने संगणकाच्या पेट्या बनवणाऱ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. खोलीत ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्याला मिळणारी हवा ३८ अंशांच्या वर जाऊ नये, अशी पेटीची रचना असावी, असे त्यांचे सांगणे होते. पेटीच्या बाजूच्या पत्र्याला प्रोसेसरसमोर नळकांडे बसवलेले ज्यांना आठवत असेल, त्यांनी या तत्त्वाचेच दृश्य रूप पाहिले आहे.

आता मे महिन्यातली दुपार घ्या. औरंगाबादेत पारा चाळिशी ओलांडतो, यात बातमी नसते. पत्र्याचे किंवा स्लॅबचे छत, बंद शटर आणि वीस संगणक असलेल्या खोलीत ४२ अंश धरले, तर पेटीच्या आत ४५. अधिक २१, म्हणजे ६६. प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर संगणक बंद पडतो. कूलर सदोष नसतो, बसवणाराही चुकलेला नसतो. ज्या हवामानाचे माप धरून तो बनवला, ते हवामानच इथले नसते.

त्यात सोबत मिळणारे कूलर पुढे लहान होत गेले. प्रोसेसर कमी वीज खाऊ लागले, तसा कंपनीने ठोकळा बुटका केला. काही जुन्या कूलरांच्या पोटात असलेला तांब्याचा गाभा अनेक ठिकाणी गेला आणि नुसते ॲल्युमिनियम राहिले. ३५ अंशांच्या खोलीसाठी ही काटकसर बरोबर होती. ४२ अंशांच्या खोलीतल्या माणसाची नजर मात्र कपाटातल्या जुन्या, जड, तांब्याच्या गाभ्याच्या कूलरकडे वळणे स्वाभाविक होते. तो शंभर वॅटसाठी बनला होता; त्याला ६५ वॅट म्हणजे हलके काम. अडथळा ०.३३ ऐवजी ०.२५ धरा : पाच अंश वाचतात. उष्णतेच्या दृष्टीने तो कूलर नव्या प्रोसेसरला पुरून उरणारा होता. कमी पडत होते ते फक्त भोकांचे अंतर.

उष्णता वाहून नेण्याचा विचार या शहराला नवा नाही. अठराव्या शतकातल्या पाणचक्कीचा मोठा हौद एका प्रशस्त दालनाच्या छतावर आहे. डोक्यावरच्या पाण्यामुळे ते दालन उन्हाळ्यात थंड राहते. इथल्या उन्हाचे माप घेऊन केलेले हे बांधकाम आहे. संगणकाच्या बाबतीत ते माप दुसरीकडे ठरले, आणि दुरुस्ती इथे करावी लागली.

मनमाडचा धडा

न जुळणाऱ्या मापांचा अनुभव या शहराने संगणकाच्या शंभर वर्षे आधी घेतला होता. विसाव्या शतकाच्या तोंडावर निझाम संस्थानातली हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे औरंगाबादमार्गे मनमाडला जोडली गेली. हा मार्ग मीटर गेज होता : दोन रुळांमध्ये १००० मिलिमीटर. मनमाडला ज्या मुंबईच्या मार्गाशी गाठ पडायची तो ब्रॉड गेज : १६७६ मिलिमीटर. गाठ पडायची ती फक्त नकाशावर. मराठवाड्याचा माल मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. प्रवाशांनाही गाडी बदलावी लागे. औरंगाबादपर्यंत ब्रॉड गेज यायला १९९० चे दशक उजाडले.

यात दोष ना मालाचा होता, ना डब्यांचा. मीटर गेजचा डबा मीटर गेजवर उत्तम चालत होता. न जुळण्याचा सगळा भार ६७६ मिलिमीटरच्या फरकावर, आणि प्रत्यक्षात हमालांच्या खांद्यांवर होता. दोन मापांच्या मधली जोडपट्टी म्हणजे माणूस. जवळजवळ नव्वद वर्षे मराठवाड्याने हा भुर्दंड भरला, आणि रुंदीकरणाची मागणी इथल्या सार्वजनिक जीवनात सतत राहिली, ती त्यामुळेच. मापाचा निर्णय जिथे होतो आणि त्याची किंमत जिथे मोजली जाते, ती दोन गावे वेगळी असतात, हा मनमाडचा धडा.

दुसरा धडा कारखान्यांनी दिला. इंग्रजी राजवटीत आलेली यंत्रे इंचातली, त्यांच्या बोल्टांचे आटे १८४१ मध्ये व्हिटवर्थने सुचवलेल्या पद्धतीचे. १९५६ च्या कायद्याने देशाने दशमान मापे स्वीकारली, पण जुनी यंत्रे कायद्याने नाहीशी होत नाहीत. १९६० च्या दशकात चिकलठाण्याला औद्योगिक वसाहत आली, १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि मोठ्या कारखान्यांभोवती जॉब वर्क करणारी छोटी वर्कशॉपे वाढली. लेथ, ड्रिल, शेगडा, कानस हे शब्द शहराच्या रोजच्या बोलण्यात आले. इंची भोकात मिलिमीटरचा बोल्ट कसा बसवायचा, कुठे वायसर घालायचा, कुठे नव्याने आटे पाडायचे, हे जाणणारी माणसे शहरभर पसरली.

गंमत अशी की संगणक स्वतःसुद्धा हे भांडण पोटात घेऊनच आला. हार्ड डिस्क बसवायचा स्क्रू इंची मापाचा : एका इंचात ३२ आटे. सीडी ड्राइव्हचा स्क्रू दशमान : तीन मिलिमीटर व्यासाचा, दर अर्ध्या मिलिमीटरला एक आटा. एकाच पेटीतले दोन स्क्रू एकमेकांच्या जागी गेले की आटे मरतात. पेटी उघडणाऱ्या प्रत्येक मुलाने दोन-चार दिवसांत शिकलेला हा पहिला पाठ. त्यामागे दोन साम्राज्यांच्या मोजपट्ट्या आहेत, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते.

चार भोकांची वंशावळ

आता सॉकेटकडे येऊ. पेंटियमच्या काळात कूलर थेट सॉकेटच्याच दोन बाजूंच्या खुंट्यांना स्प्रिंगच्या क्लिपने अडकवत. एएमडीच्या अथलॉनसाठी २००० मध्ये आलेल्या सॉकेटमध्येही हीच रीत होती. पण त्या प्रोसेसरला वरून धातूचे झाकण नव्हते. क्लिप बसवताना कूलर एका बाजूला कलला, तर उघड्या सिलिकॉनचा कोपरा उडे आणि प्रोसेसर कायमचा जाई. कूलर काढला तर काय होते, हे २००१ मध्ये एका गाजलेल्या चित्रफितीने जगाला दाखवले : पेंटियम-फोर मंदावून तग धरून राहिला आणि अथलॉन काही क्षणांत जळाला. कूलर ही ऐच्छिक वस्तू उरली नव्हती.

ठोकळे जड होत गेले तशा सॉकेटच्या प्लास्टिक खुंट्या अपुऱ्या पडल्या. २००४ मध्ये इंटेलने ७७५ टोकांचे सॉकेट आणले आणि कूलरचा भार थेट मदरबोर्डावर टाकला. बोर्डाला चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार भोके, शेजारच्या दोन भोकांत ७२ मिलिमीटर अंतर, आणि कूलरच्या चार पायांना दाबून बसवायच्या काळ्या-पांढऱ्या प्लास्टिकच्या खिट्ट्या. या खिट्ट्यांनी तंत्रज्ञांच्या अंगठ्यांना जेवढा त्रास दिला असेल, तेवढा दुसऱ्या कशाने दिला नसेल.

२००९ मध्ये ११५६ टोकांचे सॉकेट आले आणि ७२ चे ७५ झाले. प्रोसेसरची बाहेरची चौकट दोन्हींत सारखीच, साडेसदतीस मिलिमीटरचा चौरस. बदलली होती ती त्याला दाबून धरणारी यंत्रणा आणि तिच्यासाठी लागणारी जागा. त्यानंतर ११५५, ११५०, ११५१ आणि २०२० चे १२०० अशी सॉकेटे आली. यातले प्रोसेसर एकमेकांच्या जागी चालत नाहीत, पण कूलरच्या भोकांचे ७५ मिलिमीटर पाचही पिढ्यांत कायम राहिले. २०२१ मध्ये १७०० टोकांचे सॉकेट आले. त्याचा प्रोसेसर चौरस नव्हता, एका बाजूने ४५ मिलिमीटरपर्यंत लांबला होता. भोकांचे अंतर ७८ झाले, आणि झाकणाची उंचीही बोर्डापासून जवळजवळ एक मिलिमीटरने कमी झाली. २०२४ च्या पुढच्या सॉकेटमध्ये ७८ तेच ठेवले आहे.

म्हणजे दोनदा तीन-तीन मिलिमीटर. शेजारी एएमडीचे उदाहरण ठेवले की चित्र स्पष्ट होते. या कंपनीने २०१६ च्या एएम-फोर सॉकेटमध्ये बोर्डावरच्या भोकांची जागा बदलली : ९६ बाय ४८ मिलिमीटरचा आयत ९० बाय ५४ चा झाला. पण भोकांवर बसणाऱ्या प्लास्टिकच्या कड्यांना असलेल्या खुंट्यांचे अंतर तिने जपले. त्यामुळे २००६ च्या एएम-टू सॉकेटचा क्लिपवाला कूलर एएम-फोरवर, आणि त्यानंतरच्या एएम-फाइव्हवरही अडकवता येतो. आतले बदलूनही बाहेरची गाठ तशीच राखता येते, याचा हा पुरावा. १७०० सॉकेटच्या वेळी आसुसने आपल्या काही मदरबोर्डांना दोन्ही अंतरांची भोके पाडून दिली : जुना कूलर असेल तर तोही लावा. न जुळणे अटळ असते, तर हे शक्य झाले नसते.

कपाटातला कूलर

जादा कूलर येतो कुठून, हे कळायला मराठवाड्यातल्या संगणकाची कथा थोडक्यात सांगायला हवी. १९९७ मध्ये भारत माहिती-तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरील जागतिक करारात सामील झाला आणि सुट्या भागांवरचे आयातशुल्क टप्प्याटप्प्याने शून्याकडे गेले. २००१ मध्ये एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि जिल्ह्याच्या गावापासून तालुक्यापर्यंत संगणक वर्गांच्या पाट्या लागल्या. वर्ग चालवणाऱ्याला दहा-वीस संगणक लागत. ‘ब्रँडेड’ परवडत नसत, ‘असेंबल्ड’ परवडत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून सुटे भाग येत आणि जुळणी गावात होई. जुळणी करणारा तोच पुढे दुरुस्तीवाला.

असेंबल्ड संगणकाचे वैशिष्ट्य असे की तो एकदम मरत नाही, तुकड्यातुकड्यांनी मरतो. सर्वात आधी मदरबोर्ड किंवा वीजपुरवठ्याची पेटी. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटरांची साथ जगभर आली होती. बोर्डावरच्या छोट्या नळकांड्या फुगून फुटत. इथे तिच्या जोडीला भारनियमन, येता-जाता विजेचा झटका आणि धूळ. बोर्ड गेला की त्याच सॉकेटचा नवा बोर्ड तोवर बाजारातून गेलेला असे. मग नवा बोर्ड, नवा प्रोसेसर. कूलर मात्र जिवंत. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याला मरण नसते. पंख्याचे बेअरिंग कुरकुरले, तर पंखा बदलता येतो. दहा वर्षे चाललेल्या कोणत्याही दुकानाच्या कपाटात अशा ठोकळ्यांचा ढीग साठतो, आणि समोर कूलर नसलेला सेकंडहँड बोर्ड असतो. दोघांच्या मध्ये तीन मिलिमीटर.

काम कसे होते

तीन मिलिमीटर तीस मिलिमीटरपेक्षा अवघड असतात, हे या कामातले पहिले आश्चर्य. फरक मोठा असता, तर कूलरच्या पायाला शेजारी नवे भोक पाडून मोकळे होता आले असते. पण ७२ वरून ७५ वर जाताना प्रत्येक भोक दोन्ही दिशांना दीड-दीड मिलिमीटर, म्हणजे कर्णाच्या रेषेत जेमतेम दोन मिलिमीटर सरकते. भोक स्वतःच चार मिलिमीटरचे. नवे भोक जुन्यातच अर्धे पडते आणि ड्रिलचे पाते जुन्या भोकाकडे घसरते. म्हणून इथे ड्रिल बाजूला ठेवून गोल कानस घ्यावी लागते : चारही भोके कर्णाच्या दिशेने बाहेर लांबट करायची.

माप घेण्याचीही युक्ती आहे. भोकाचा मध्य डोळ्यांना दिसत नाही; कडा दिसते. एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत कॅलिपर लावला की, भोके सारखी असतील तर, मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर आपोआप मिळते. हे सूत्र वर्कशॉपमधला पोऱ्या भूमिती न शिकता वापरतो.

प्लास्टिकच्या खिट्ट्या आता कामाच्या नसतात. त्या काढून तीन मिलिमीटरचे लांब बोल्ट घालायचे. बोल्टाचे डोके बोर्डाच्या मागून, नट वरून. इथे खरी काळजी सुरू होते. मदरबोर्डाच्या दोन्ही अंगांना केसासारख्या तांब्याच्या रेषा धावतात. धातूचा वायसर त्यांवर घासला, तर बोर्ड गेला. म्हणून दोन्हीकडे नायलॉनचे वायसर. मागे आधाराची पट्टी द्यायची तर तिच्याखाली प्लास्टिकचा पातळ पत्रा. कूलरचा पाय कानस सोसण्याएवढा रुंद नसेल, तर पाय कापून टाकायचे आणि दोन मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमची आडवी पट्टी ठोकळ्यावरून घ्यायची. मग नव्या अंतराची भोके पट्टीलाच पाडता येतात.

यानंतर उंची. ७७५ वरून ११५६ च्या वंशात जाताना ती फारशी नडत नाही. १७०० वर मात्र झाकण खाली गेलेले असल्याने जुना कूलर नीट बसल्यासारखा दिसतो, पण नुसता टेकलेला असतो. दाब पुरत नाही. डोळ्यांना पटणारी ही जुळणी सर्वात फसवी. आणि शेवटी दाब. कमी दाबाने पेस्टचा थर जाड राहतो आणि उष्णता अडते. जास्त दाबाने बोर्ड वाकतो, सॉकेटच्या टोकांचा संपर्क बिघडतो. म्हणून समोरासमोरचे, म्हणजे कर्णावरचे नट आळीपाळीने, दरवेळी पाव फेरा. मग कूलर पुन्हा उचलून पेस्टचा ठसा पाहायचा. ठसा सर्वत्र पातळ आणि सारखा असेल तर ठीक. एका कडेला जाड असेल तर कूलर कललेला आहे. पुन्हा साफ, पुन्हा पेस्ट, पुन्हा पाव फेरे. अखेरीस अर्धा तास जड काम देऊन तापमानाचा आकडा वाचायचा, तोही शक्यतो दुपारी. सकाळी उत्तीर्ण झालेली जुळणी दुपारी नापास होऊ शकते.

या सगळ्या कामाला बिलात एकच शब्द मिळतो : सर्व्हिसिंग.

जुगाड म्हणू नये

अशा कामाला हिंदीतून आलेला ‘जुगाड’ हा शब्द चटकन लावला जातो, कधी कौतुकाने, कधी तुच्छतेने. दोन्ही अर्थांत तो अपुरा आहे. जुगाडात मोजमाप गृहीत धरलेले नसते. ‘कसेबसे भागवले’ असा त्याचा सूर असतो. वर सांगितलेल्या कामात अंतर, उंची, दाब आणि तापमान ही चार मापे आहेत, आणि ठसा पाहणे ही पडताळणी आहे. प्लास्टिकच्या बंधांनी कूलर आवळून ठेवला तर तो जुगाड. वेळ निभते, पण बंध उन्हाळ्यात सैल पडतात आणि दाब जातो. मोजून बसवलेला कूलर ही अभियांत्रिकी आहे. दोन्हींना एकच नाव दिल्याने चांगल्या कारागिराचे नुकसान होते आणि वाईटाचे फावते.

हेच काम अन्यत्र झाले की त्याला वेगळी नावे मिळतात. १७०० सॉकेटची पकड प्रोसेसरला मधोमध वाकवते, असे लक्षात आल्यावर २०२२ मध्ये जर्मनीतल्या एका हार्डवेअर-समीक्षकाने पकडीच्या स्क्रूंखाली सुमारे एक मिलिमीटर जाडीचे वायसर घालून दाखवले, आणि प्रोसेसर थंड राहू लागला. पुढे त्याच हेतूने कंपन्यांनी खास चौकटी बनवून विकायला काढल्या. ऑस्ट्रियातली नॉक्टुआ ही कूलर बनवणारी कंपनी जुन्या ग्राहकांना नव्या सॉकेटसाठी जोडपट्ट्यांचा संच पावती पाहून फुकट पाठवते. म्हणजे कूलर दहा-पंधरा वर्षे टिकतो आणि बदलायची ती फक्त पट्टी, हे तिने मान्य केले आहे. हमालाचा खांदा ज्या जागी होता, त्या जागी कारखान्याने पट्टी ठेवली, इतकेच. ज्यांच्या कूलरच्या कंपनीला असे वाटत नाही, त्यांना ही पट्टी गल्लीतच करून घ्यावी लागते.

पणाला काय लागले आहे

१ एप्रिल २०२३ पासून देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले. त्यांत उत्पादक, पुनर्चक्रण करणारे आणि वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारे, अशा सर्वांच्या नोंदणीची तरतूद आहे. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैमध्ये समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केले. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण दुरुस्तीच्या हक्काची कल्पना बहुधा अशी असते : कंपनीने आपल्या वस्तूची माहितीपुस्तिका द्यावी, अस्सल सुटे भाग द्यावेत. आपल्या कूलरला या कल्पनेत जागा नाही. एका पिढीचा कूलर दुसऱ्या पिढीच्या बोर्डावर बसवण्याची पुस्तिका कोणतीही कंपनी लिहिणार नाही, कारण तिच्या लेखी ही दुरुस्तीच नव्हे. ते दोन वस्तूंच्या मधले काम आहे, आणि मधल्या कामाचा मालक कोणी नसतो.

त्याहून मोठा बदल वस्तूंतच होतो आहे. पातळ लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डाला डाख देऊन पक्का केलेला असतो. कूलर त्याच एका बोर्डाच्या आकाराचा, दुसरीकडे कुठेही न बसणारा. तिथे तीन मिलिमीटरचा प्रश्नच उरत नाही, कारण भोकेच उरत नाहीत. सॉकेट कितीही त्रासदायक असले, तरी ते एक कबुली होती : ही वस्तू उघडता येते, तिचा एक भाग काढून दुसरा घालता येतो. न जुळणारी भोके निदान कानशीला वाव देतात. डाखलेली वस्तू हो-नाही एवढेच सांगते.

ॲल्युमिनियमचा ठोकळा वितळवून त्यातून धातू परत मिळतो. पण खनिजापासून तो धातू काढायला, त्याची पाती घडवायला आणि समुद्रापलीकडून इथवर आणायला जे लागले, ते वितळवण्यातून परत मिळत नाही. त्याहून परत न मिळणारी गोष्ट म्हणजे ठसा पाहून दाब ओळखणारा हात. हा हात आयटीआयच्या पुस्तकातून तयार झालेला नाही. इंची आणि दशमान आट्यांच्या गोंधळातून, चिकलठाणा-वाळूजच्या जॉब वर्कमधून, ४२ अंशांच्या खोल्यांतून तो तयार झाला. त्याची नोंद बिलात ‘सर्व्हिसिंग’ एवढीच राहिली, तर पुढच्या पिढीला तो होता हेही कळणार नाही.

करता येण्यासारखे फार अवघड नाही. तंत्रनिकेतनातल्या किंवा आयटीआयमधल्या विद्यार्थ्याला प्रकल्प म्हणून दुकानातल्या कपाटातला एक जुना कूलर आणि एक न जुळणारा बोर्ड द्यावा. मापे घ्यायला, पट्टी काढायला, दाब आणि तापमान लिहून ठेवायला सांगावे, आणि ते काम दुरुस्तीवाल्यानेच तपासावे. सॉकेटची नावे सतत बदलत राहतील. कुठली अडचण उष्णतेची आणि कुठली नुसत्या भोकांची, हे मोजून सांगता येणे मात्र पुढच्याही सॉकेटला उपयोगी पडेल.